व्हीआर अँड ईची केस बंद झालीये, परत घेता येते का?

अमेरिकन आर्मीतून बाहेर पडलेल्या आपल्या काही मराठी पोरांनी विचारलं म्हणून लिहितोय. व्हीआर अँड ई, म्हणजे चॅप्टर ३१, ही व्हीएची (माजी सैनिकांच्या खात्याची) योजना: नोकरीतल्या दुखण्यामुळे अडचण आलेल्या माजी सैनिकांना ट्रेनिंग आणि नोकरीसाठी मदत. ती एकदा वापरली की संपली असं नाहीये, परत घेतात, पण लगेच फॉर्म भरायला बसू नका, आधी जुनी केस बंद झाल्याचं पत्र शोधा. त्यावर 'डिसकंटिन्यूड' (मध्येच बंद) असेल तर ज्या कारणाने सुटलं (आजारपण, घरची भानगड, काहीही) ते कारण आता राहिलं नाही हे दाखवायचं. 'रिहॅबिलिटेटेड' (पुनर्वसन झालं) असेल तर जरा अवघड, कारण त्यांच्या लेखी तुम्ही नोकरीला लागलात, विषय संपला.

माझं हेच होतं. एचव्हीएसी (एसी-हीटिंगचं काम) शिकलो, नोकरी लागली, केस बंद, आणि नंतर गुडघा असा गेला की शिडी चढायची सोय राहिली नाही. आता इथे नुसतं 'फार दुखतं हो' म्हणून भागत नाही. सर्व्हिस-कनेक्टेड (सैन्यातल्या नोकरीमुळे झालेलं असं व्हीएने मानलेलं) दुखणंच वाढलंय आणि त्यामुळे तेच काम आता होत नाही, किंवा ते काम तुमच्या दुखण्याला झेपणारंच नाही, असं कागदावर लागतं. शुगर वाढली, वय झालं, हे एकटं धरत नाहीत. मी एचआरकडून जॉब डिस्क्रिप्शन मागवलं, त्यात शिडी, छतावरचं काम, ५० पौंड उचलणं सगळं लिहिलेलं, ते डॉक्टरसमोर ठेवलं आणि म्हटलं यातलं काय जमेल काय नाही ते एकेक ओळीपुढे लिहा. व्हीएच्या काउन्सेलरने सगळ्यात जास्त वेळ त्याच कागदावर घालवला, एमआरआय नुसता चाळला.

बाकी फॉर्म तोच, २८-१९००, ऑनलाइन, आणि इव्हॅल्युएशन नव्याने होतं. रेटिंग (व्हीएने ठरवलेली अपंगत्वाची टक्केवारी) किमान १०% हवं, पण २०% च्या खाली असाल तर एम्प्लॉयमेंट हँडिकॅप (दुखण्यामुळे नोकरीत येणारी अडचण) 'सीरियस' ठरावा लागतो. डिस्चार्ज १ जानेवारी २०१३ ला किंवा नंतर झाला असेल तर ही योजना वापरायच्या १२ वर्षांच्या मुदतीची भानगड नाही. एकूण ४८ महिने मिळतात, आधीचे वापरलेले त्यातून वजा.

नकार आला तर वर्षाच्या आत हायर-लेव्हल रिव्ह्यू (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी) मागता येतो, आणि डीएव्हीची (डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स ही संघटना) माणसं फुकटात मदत करतात, उगाच पैसे घेणाऱ्या कन्सल्टंटच्या नादी लागू नका. आणि हो, पोस्ट-९/११ जीआय बिल (माजी सैनिकांची शिक्षणाची वेगळी योजना) पूर्ण संपवू नका, एक दिवस जरी शिल्लक असला तरी चॅप्टर ३१ च्या ट्रेनिंगमध्ये त्या रेटने भत्ता घेता येतो आणि तो बहुतेक वेळा नेहमीच्यापेक्षा बराच जास्त असतो.