दुधातील केसीन वेगळे करून घरच्या घरी गोंद कसा तयार करावा

गाईच्या दुधात साधारण 3.2 ते 3.4 टक्के प्रथिने असतात. त्यांतील सुमारे 80 टक्के भाग केसीनचा आणि उरलेला व्हे प्रथिनांचा (दूध फाटल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यातील प्रथिनांचा) असतो. केसीन उकळले तरी सहसा फुटत नाही, मात्र आम्ल मिळताच खाली बसते. व्हे प्रथिने आम्लाला दाद देत नाहीत, पण उष्णतेने गोठतात. चिकाच्या दुधात व्हे प्रथिने भरपूर असल्यामुळेच खरवस नुसत्या वाफेवर घट्ट होतो. स्वभावातील या फरकाचा उपयोग करून दोन्ही प्रथिने घरी वेगळी करता येतात आणि केसीनपासून कागदासाठी किंवा लाकडासाठी उत्तम गोंद करता येतो.

त्यासाठी अर्धा लिटर दूध घ्यावे, तेही स्निग्धांश काढलेले, कारण स्निग्धांश राहिला तर गोंदाची पकड कमी होते. तापवून साय काढलेले घरचे दूध मात्र वापरू नये. दूध उकळले की व्हे प्रथिने केसीनच्या कणांना चिकटतात आणि नंतर केसीनबरोबरच खाली येतात. पनीर करताना ते लाभाचेच असते, पण येथे आपल्याला शक्य तितके निखळ केसीन हवे आहे.

दूध 40 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे बोटाला चांगले कोमट लागेल इतकेच, गरम करावे आणि हळूहळू ढवळत त्यात पांढरे व्हिनेगर थोडे थोडे घालावे. दुधाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे 6.6 असतो. तो 4.6 च्या आसपास आला की केसीनच्या कणांवरील विद्युतभार नाहीसा होतो, कण एकमेकांना दूर लोटेनासे होतात आणि त्यांचे पुंजके बनतात. साधारण 30 ते 40 मिलिलिटर व्हिनेगर पुरते. पुंजक्यांभोवतीचे पाणी पारदर्शक, हिरवट-पिवळे दिसू लागले (हा रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा) की लगेच थांबावे, कारण आम्लाचा अतिरेक झाल्यास केसीन पुन्हा विरघळू लागते.

आता मिश्रण सुती फडक्यातून गाळावे. फडक्यात राहिलेला गोळा स्वच्छ पाण्यात कुस्करून दोन-तीन वेळा धुवावा. कंटाळा करून अनेक जण ही पायरी गाळतात. मात्र आत अडकलेली दुग्धशर्करा आणि आम्ल निघून गेल्याशिवाय गोंद नीट होत नाही. शेवटी गोळा घट्ट पिळून घ्यावा. तो ओला असताना बराच मोठा दिसला, तरी त्यात कोरडे केसीन जेमतेम 13 ग्रॅम असते.

कागद किंवा पुठ्ठ्यासाठी गोंद हवा असेल तर गोळा बारीक कुस्करून त्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि थोडे पाणी मिसळावे. फेस बसल्यावर मिश्रण मंद आचेवर ढवळत राहावे. दाणेदार लगदा हळूहळू गुळगुळीत, किंचित अर्धपारदर्शक आणि तार धरणारा होतो. हे सोडियम केसिनेट आहे. चहा-कॉफीत घालायच्या अनेक व्हाइटनर पुड्यांत स्निग्ध कण एकजीव ठेवण्यासाठी तेच वापरतात.

लाकडासाठी सोड्याऐवजी चहाचा एक चमचा खायचा चुना मिसळावा. या गोंदाला वाळल्यावर पाण्याचा त्रास तुलनेने कमी होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळातील लाकडी विमानांचे भाग जोडण्यासाठी केसीनचा गोंद वापरला जाई, तो या गुणामुळेच. चुना डोळ्यांना आणि त्वचेला घातक असल्याने हातमोजे घालावेत. चुन्याचा गोंद वाटीतच काही तासांत घट्ट होतो, म्हणून लागेल तेवढाच कालवावा आणि जोड रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवावा. सोड्याचा गोंद शीतकपाटात एक-दोन दिवस टिकतो, पण वास येऊ लागताच टाकून द्यावा.

केसीन फॉर्मल्डिहाइडने कडक करून बटणे आणि कंगवेही बनत असत. जर्मनीत 1899 मध्ये पेटंट मिळालेले गॅलालिथ ते हेच. फॉर्मल्डिहाइड विषारी असल्यामुळे हा प्रयोग घरी मुळीच करू नये.

गाळून उरलेले हिरवट पाणी ओतून देऊ नये. ते 85 ते 90 अंशांपर्यंत तापवले की व्हे प्रथिनांचे अगदी बारीक, मऊ पांढरे कण तरंगू लागतात. घट्ट विणीच्या फडक्यातून गाळल्यावर ते खाता येतात, फक्त किंचित आंबट लागतात. बाजारातील व्हे पावडर मात्र अशी उकळून करत नाहीत. चीज करताना निघालेले पाणी सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळून त्यातील प्रथिने न गोठवता दाट करतात, म्हणूनच ती पावडर पाण्यात सहज विरघळते.