जुना हॅम सेट ऑनलाइन लिलावात घेताय? या चुका टाळा

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, लायसन्स हातात पडलं की आठवड्याच्या आत नव्या पोरांचा मेसेज येतो, काका ईबेवर एफटी-१०१ (याएसू कंपनीचा जुना हॅम सेट) दिसतोय, घेऊ का? आणि मी उत्तर टाईप करेपर्यंत बोली लावून मोकळे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आवाज येतोय म्हणून सेट चालू समजणं. याएसूच्या या सेटमध्ये ट्यूबा (काचेचे जुने व्हॉल्व्ह) फक्त ३, ड्रायव्हरची १२बीवाय७ए आणि दोन ६जेएस६सी फायनल, म्हणजे अँटेनाला पॉवर देणाऱ्या. तिन्ही फक्त ट्रान्समिटच्या कामाच्या, ऐकण्याचं सगळं ट्रान्झिस्टरवर, शिवाय ट्यूबा तापवणाऱ्या हीटरचा स्विच वेगळा. म्हणजे ट्यूबा थंडगार असल्या तरी डायल उजळतो, ४० मीटर बँडवरच्या गप्पा खणखणीत ऐकू येतात आणि विकणाऱ्याचा व्हिडिओ झकास होतो. मी स्वतः यात आपटलोय. सेट घरी आला, बायकोला ऐटीत ऐकवला, मग डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावून ट्रान्समिट ट्यून करायला गेलो तर मीटरची सुई ढिम्म. झाकण उघडून बघतो तर दोन्ही फायनलच्या काचेवरचा चंदेरी डाग पांढराफटक, म्हणजे आत हवा शिरलेली, ट्यूबा गेल्या. (प्लग काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करून मगच हात घाला, आत ६०० व्होल्ट असतात.) सेलर म्हणे, टेस्ट केलेला नाही असं लिहिलंय की खाली. होतं लिहिलेलं, शेवटच्या ओळीत.

तेव्हापासून मी विकणाऱ्याकडे एकच मागतो, ताजा व्हिडिओ: सेट डमी लोडवर, शेजारी वॉटमीटर, माईकमध्ये हॅलो म्हणा आणि माझा कॉलसाईन (लायसन्सवरची रेडिओची ओळख) कागदावर लिहून समोर ठेवा. टाळाटाळ केली की मी विषय सोडतो, मग किंमत कितीही गोड असो.

दुसरं, अमेरिकेतून आलेला सेट बहुतेक वेळा ११७ व्होल्टवर जोडलेला असतो. मागचं लेबल न वाचता २३० मध्ये खुपसणारे लोक अजून भेटतात, काय बोलणार. मी कुठलाही जुना सेट पहिल्यांदा १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकूनच लावतो (एलईडी नाही चालत). बल्ब फुल पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट, लगेच बंद. यूट्यूब बघून डायरेक्ट लावणाऱ्यांना माझा नमस्कार.

बाकी किरकोळ. भाव ठरवताना मागितलेली किंमत बघू नका, विकल्या गेलेल्यांची बघा. साईटबाहेर पैसे पाठवायचे नाहीत, डिस्काउंट देतो म्हणाला तरी. परदेशातून मागवत असाल तर आधी डब्ल्यूपीसीचे (वायरलेस परवाने देणारा केंद्र सरकारचा विभाग) कागद करा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये बसून राहील. आणि पॅकिंग डबल बॉक्स सांगा, सेट १५ किलोच्या आसपास भरतो, त्यात ट्रान्सफॉर्मरच जड, एकदा आपटला की चॅसीच वाकते.