जुनं लष्करी हेल्मेट घेताय? या चुका टाळा

लष्करी हेल्मेट म्हणजे किमान तीन वस्तूंची जोडणी: पोलादी शेल, आतलं लायनर आणि हनुवटीखालचा पट्टा. तिन्ही बहुधा वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेली असतात. तरी चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एखादं हेल्मेट हाती लागलं की नवा संग्राहक शेलवर साल शोधतो आणि ते सापडलं की लगेच भाव करायला लागतो. बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. प्रत्येक भागाचं वय वेगळं काढा, मग ते एकमेकांशी जुळतं का ते बघा.

साल जुळत नाही म्हणून नकली ठरवणं

आपल्याकडे जास्त करून ब्रिटिश धाटणीचं, पसरट ताटलीसारखं ‘मार्क टू’ दिसतं. त्याच्या शेलवर कडेच्या खालच्या बाजूला कारखान्याची आद्याक्षरं आणि साल ठोकलेलं असतं. ‘बीएमबी’ म्हणजे ब्रिग्ज मोटर बॉडीज, ‘जेएसएस’ म्हणजे जोसेफ सँकी अँड सन्स. रंगाच्या थराखाली अक्षरं लागत नसतील तर टॉर्च आडवा धरा, किंवा पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा. खरवडू नका. लायनरवर मात्र शाईचा वेगळा शिक्का असतो आणि त्यावरचं साल वेगळं असू शकतं.

शेल १९४१चं आणि लायनर १९४२चं असेल तर काळजीचं कारण नाही. त्याहून मोठी तफावतही अस्सल असू शकते. पहिल्या महायुद्धातली हजारो शेल ब्रिटिशांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस बाहेर काढली, त्यांत नवी लायनरं बसवली आणि पुन्हा सैनिकांना दिली. म्हणजे १९१७च्या शेलमध्ये १९३९चं लायनर हा लष्करानेच केलेला बदल असू शकतो. जुन्या शेलवर नवा भाग बसणं स्वाभाविक आहे. उलटं दिसलं, म्हणजे १९४३च्या शेलमध्ये १९३८चं लायनर निघालं, तर थांबा आणि डोक्यावरचा स्क्रू बघा. मार्क टूचं सगळं लायनर त्या एकाच स्क्रूवर असतं, ते बदलायला मिनिटही लागत नाही. स्क्रूच्या खाचेत ताजे चकचकीत ओरखडे असतील तर तो अलीकडेच कुणीतरी फिरवलाय.

लायनर काढता आलं तर शेलच्या आतला रंगही तपासा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या लायनरचा माग तिथे उमटलेला असतो. माग एका आकाराचा आणि लायनर दुसऱ्याच आकाराचं असेल तर ती जोडी नवी आहे.

लोहचुंबकाचा निकाल अंतिम मानणं

चुंबक चिकटला नाही की ‘हे लोखंडच नाही, नकली आहे’ असं म्हणणारे भेटतात. खरं तर ब्रिटिश युद्धकाळातलं शेल असो वा अमेरिकन एम-वन, दोन्ही मँगनीज पोलादाची. शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२मध्ये शोधलेलं हे पोलाद चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. चुंबक घट्ट चिकटला तर शेल साध्या पोलादाचं आहे एवढंच कळतं. मुंबईत अशी हेल्मेटं सिनेमाच्या प्रॉपर्टीतूनही बाजारात येतात. पण ब्रिटनमध्ये नागरी संरक्षणासाठी साध्या पोलादाची अस्सल हेल्मेटंही बनली होती, हेही विसरू नका.

कडेजवळ नीट ड्रिल केलेली बारीक भोकं असतील तर ‘गोळीची खूण’ ही गोष्ट ऐकून घ्या, पण तिचे पैसे देऊ नका. कसोटीत न टिकलेल्या शेलना अशी भोकं पाडून ती आघाडीऐवजी हवाई हल्ल्यात लोकांच्या मदतीला असणाऱ्या स्वयंसेवकांना वगैरे दिली जात. भोकं बुजवून वर रंग मारलेला असेल तर ते हेल्मेट सोडून द्या.

एम-वनला सरसकट ‘दुसऱ्या महायुद्धातलं’ म्हणणं

एम-वन १९४१पासून अनेक दशकं वापरात होतं, त्यामुळे नुसत्या आकारावरून काहीच ठरत नाही. कडेची पट्टी जिथे जोडली आहे ती जागा शोधा. जोड समोर असेल तर शेल साधारण १९४४च्या अखेरीआधीचं, मागे असेल तर त्यानंतरचं. पट्ट्याच्या कड्या शेलला घट्ट जोडलेल्या असतील तर ते आणखी आधीचं, कारण हलणाऱ्या कड्या १९४३च्या अखेरीस आल्या. युद्धानंतर बरीच शेल पुन्हा रंगवून नव्या पट्ट्यांसह वापरली गेली. त्यामुळे जुन्या शेलला नंतरचा पट्टा असेल तर किंमत कमी करून मागा, पण फसवणुकीचा आरोप करू नका.

जर्मन हेल्मेटबद्दल एवढंच सांगतो: तिरंगी ढालीचं चिन्ह काढून टाकायचा आदेश जर्मन सैन्याला १९४०मध्येच निघाला होता. कडेला दुमड नसलेलं १९४२च्या नमुन्याचं शेल आणि त्यावर ती ढाल दिसली, तर चिन्ह मागाहून चिकटवलं असण्याचीच शक्यता मोठी.

गंजावरून वय मोजणं

मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडं पोलाद एका पावसाळ्यात लालभडक होतं. त्यामुळे इथे गंज म्हणजे पुरावा अजिबात नव्हे. झीज कुठे आहे ते बघा. खऱ्या वापरात रंग डोक्यावर, कडेला, म्हणजे हात लागतो आणि जमिनीवर टेकतं तिथे उडतो. लायनरखाली तो बऱ्यापैकी शाबूत राहतो. आतबाहेर सारखाच गंज असेल तर रसायनाची शंका घ्या.

पट्ट्याच्या शिवणीवर अतिनील टॉर्च मारून ती निळसर चमकली की नकली, असंही सर्रास सांगतात. सिंथेटिक दोरा चमकतो हे खरं, पण आजच्या डिटर्जंटमध्ये धुतलेला अस्सल सुती पट्टाही तसाच चमकतो. म्हणून टॉर्चसोबत विण, बक्कल आणि शिक्काही तपासा.

घरी आणल्यावर

वायरब्रश, ब्रासो आणि चामड्यावर तेल, तिन्ही टाळा. लायनरवर कधी पुसट शाईत सैनिकाचं नाव किंवा क्रमांक असतो. तो माणूस कोण होता याचा एवढाच धागा उरलेला असतो, ओल्या फडक्याने तो पुसू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. मूळ अवस्थेचे फोटो आधीच काढून ठेवा, शिक्के आणि स्क्रूसकट.

परदेशी पाठवायचं असेल तर १९७२चा पुरावशेष कायदा आधी वाचा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही, आणि पहिल्या महायुद्धातल्या शेलने ती मर्यादा ओलांडली आहे.