आई-बाबांसाठी धनुष्य घडवताय? या चुका टाळा

दसरा पंधरा दिवसांवर आला की मला फोन यायला लागतात. "काका, बाबांची साठी आहे, हातानं धनुष्य करून द्यायचंय. लाकूड कुठलं घेऊ?" कुणाच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन असतं, कुणाची आई शाळेत असताना तिरंदाजी करायची. हेतू इतका चांगला असतो की नाही म्हणवत नाही. पण वीस-बावीस वर्षं बडोद्यात हे काम करतोय आणि दरवर्षी त्याच चुकांनी मोडलेली धनुष्यं माझ्या गच्चीवर येतात. लाकडाचा प्रश्न आधी विचारणं ही पहिली चूक. लाकूड नंतर, आधी बाबा.

माप तुमचं नको, त्यांचं घ्या

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

माझे बाबा प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तरुणपणी दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात लाठी, मल्लखांब केलेला माणूस. नवरात्रात ते मला बांबूच्या कामटीचं धनुष्य आणि खराट्याच्या काड्यांचे बाण करून द्यायचे. त्यांच्या पंचाहत्तरीला आपण त्यांना खरं धनुष्य करून द्यायचं असं मी ठरवलं. तीन महिने खपलो. बांबू उत्तम मिळाला होता, मुठीच्या वरची आणि खालची अशा दोन्ही पाती सारख्या वाकत होत्या, मुठीला सुती दोरा घट्ट गुंडाळला होता. ओढ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर मुठीपासून दोरीचं अंतर, ठेवली २८ इंच आणि तिथवर ओढायला लागणारा जोर ३५ पौंड, म्हणजे जवळपास १६ किलो. कारण मला स्वतःला तेवढं झकास ओढता येत होतं.

बाबांनी धनुष्य हातात घेतलं. अंगठा वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सावकाश फिरवला, वर्कशॉपमध्ये शाफ्ट तपासायचे तसा. "सरळ उतरलंय," म्हणाले. मग दोरी ओढली. ती हनुवटीपासून चांगली वीतभर अलीकडे अडली. त्यांचा उजवा खांदा कित्येक वर्षं आखडलेला होता. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचंसुद्धा ते डाव्या हातानं करायचे, आणि मी ते रोज बघत होतो. त्यांनी दोरी हळूच परत सोडली, "छान झालंय रे," म्हणाले आणि धनुष्य खुंटीला लावलं. चार दिवसांनी आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "पहाटे उठून ओढून बघतात. येत नाही. तू त्यांना काही बोलू नकोस."

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी घरी परत पाठवतो. आपण वडिलांना आपल्या लहानपणी पाहिलं तसेच धरून चालतो. आज त्यांचा खांदा कसा आहे, बोटं सुजतात का, मोतीबिंदू कुठल्या डोळ्याचा झालाय, हे बघून या.

मोजायची माझी पद्धत अशी. बॅगा तोलायचा हुकाचा काटा खिडकीच्या गजाला अडकवा. त्याला दोरीचा फास बांधा आणि बाबांना तो हनुवटीपर्यंत सावकाश ओढायला सांगा. भेट गुपित ठेवायची असेल तर काटा बरोबर चालतोय का ते बघायचंय म्हणा. खांदा बोलायला लागला की थांबवायचं. माझ्या बाबांचा आकडा आला ८ किलो. एकदा ओढणं वेगळं आणि दोन डझन बाण सोडणं वेगळं, म्हणून त्यातून एक किलो वजा केला. उरले ७ किलो, म्हणजे १५ पौंडांच्या आसपास. तरुण मुलांना हा आकडा ऐकून वाईट वाटतं. वाटू दे. १५ पौंडांचं धनुष्य दहा-बारा पावलांवरच्या गवताच्या पेंढीत बाण नीट रुतवतं, आणि बाबांना हवं असतं ते तेवढंच.

दुसरं माप ओढीचं. दोन्ही हात पसरून वाव मोजायची, इंचांत, आणि अडीचनं भागायचं. ६५ इंचांची वाव असेल तर ओढ २६ इंच. खांदा आखडलेला असेल तर दोन इंच कमी धरा. धनुष्याची लांबी मी ओढीच्या अडीचपट ठेवतो, म्हणजे फिरून वावेइतकीच, साधारण माणसाच्या उंचीएवढी. आखूड धनुष्य दिसायला चपळ असतं, पण नवशिक्याच्या हातून तेच आधी मोडतं.

सागवानाचा मोह

बाबांसाठी म्हणून लोक महागातलं महाग सागवान घेऊन येतात. सागवान दारं-खिडक्यांसाठी घ्या. त्यात मुळातच तेल असतं, त्यामुळे बांबूची पट्टी चिकटवायची म्हटली तर सरस नीट धरत नाही. शिवाय सुताराकडचा उरलेला तुकडा बहुतेक वेळा आडव्या-तिरक्या रेषांचा असतो. धनुष्याच्या लाकडात रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली पाहिजे. मध्येच काठाबाहेर गेली, तर जिथून गेली तिथेच लाकूड फुटणार.

आपल्या भागातलं खरं धनुष्याचं लाकूड म्हणजे धामण. संस्कृतात या झाडाचं नावच धन्वन आहे. कुऱ्हाडीचे दांडे याचेच करतात, कारण ते मार खातं आणि वाकतं. पण सरळ, सुकलेली धामण सहज मिळत नाही, आणि कुणीतरी जंगलातून तोडून आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. पहिल्या धनुष्याला मानवेल घ्या, म्हणजे तो भरीव, जाड भिंतीचा बांबू. बडोद्यापासून शंभर-एक किलोमीटरवर छोटा उदेपूर आहे, २०१३ पर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता. तिथे आणि पुढे अलिराजपूर-झाबुआकडे पिढ्यान् पिढ्या बांबूचा कामठा वापरला जातो. भिल्लांच्या कामठ्याची तर दोरीसुद्धा बांबूच्या सालीची असते. ते धनुष्य हातात घेऊन बघा, म्हणजे भारी लाकडाचा मोह आपोआप सुटेल. शेताच्या बांधावरचा बांबू मिळाला तर सगळ्यात बरं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्यानं झाड धरला जात नाही, त्यामुळे मालक आपला बांबू मोकळेपणानं तोडून देऊ शकतो.

बांबू तीन-चार वर्षांचा हवा आणि दिवाळीनंतर तोडलेला हवा. पावसाळ्यात तोडलेल्यात पिष्ट जास्त असतं, त्याला भुंगा लागतो. खुंटीवर टांगलेल्या धनुष्याखाली एक दिवस पिवळट भुकटी पडलेली दिसली, की समजा धनुष्य आतून संपलं.

ओलं लाकूड

यावर वाद घालायला माझ्याकडे वेळ नाही. बांबू चिरा, टोकांना फेविकॉल फासा, सावलीत आडवा ठेवा. दर रविवारी काट्यावर तोला आणि पेन्सिलीनं त्याच्यावरच तारीख आणि वजन लिहा. लागोपाठ तीन रविवार आकडा हलला नाही तरच हत्यार लावा. लाकडातला ओलावा ८ ते १२ टक्क्यांवर यायला हवा, आणि बडोद्यात जून ते सप्टेंबर तो तिथे येत नाही. ओल्याचं धनुष्य मोडणार नाही कदाचित, पण वाकलं की वाकलेलंच राहील. गॅसजवळ किंवा गच्चीवरच्या उन्हात ठेवून घाई केलीत तर चिरा पडतील.

"किती ओढलं जातं ते बघू या"

या एका वाक्यानं जितकी धनुष्यं मोडली, तितकी भुंग्यानं नाही मोडली.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगा आला. वडिलांची साठी परवावर, हातात अर्धं झालेलं धनुष्य आणि पिशवीत ग्राइंडर. मोबाइलवर बघून बघून केलं होतं. आकार खरंच देखणा होता. मी म्हटलं, आज ठेवून जा, आठवडाभरानं बघू. तो म्हणाला, आठवडा नाहीये काका. माझ्यासमोरच त्यानं खालच्या पातीवर ग्राइंडर फिरवला, दहा-बारा सेकंद असेल. दोरी चढवली आणि मी "थांब" म्हणेपर्यंत पूर्ण ओढली. चट्ट असा आवाज झाला, ओलं कापड झटकावं तसा. मुठीखाली वीतभर अंतरावर, ग्राइंडर जिथे जास्त बसला होता बरोबर तिथेच पात तुटली. तुटका तुकडा त्याच्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यावर आदळला. मुलाला काही झालं नाही. तो पायरीवर बसला आणि बराच वेळ नुसता त्या तुकड्याकडे बघत राहिला. दोन महिन्यांचं काम होतं ते.

झालं काय होतं? पातीचा सगळा वाक एका जागी गोळा झाला होता, बिजागरीसारखा. बाकीची पात ताठ, त्यामुळे सगळा भार त्या दोन बोटं जागेवर. ते डोळ्यांना आधी दिसतं, पण बघायला थांबावं लागतं. ग्राइंडर मला या कामात सहनच होत नाही. कानसही मी शेवटच्या टप्प्यात बाजूला ठेवतो आणि फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडतो. केसाएवढी साल निघते, तेवढीच पुरे.

माझी सवय सांगतो. साल पुढच्या बाजूला, म्हणजे निशाणाकडे ठेवतो, कारण बांबूचे दाट धागे सालीलगत असतात आणि ताण तिथेच येतो. त्या बाजूला हत्यार लावायचं नाही, गाठीवरचा उंचवटा हलकेच घासला तर घासायचा. खरवडायचं ते आतून. काचेचे दहा हात, मग धनुष्य आजवर जिथवर ओढलंय तिथवरच तीस वेळा ओढायचं. लाकडाला नवीन वाक अंगवळणी पडायला एवढं लागतं. मग फळीच्या खाचेत मूठ अडकवून दोरी खाली ओढून ठेवायची, पाच पावलं मागे जाऊन बघायचं आणि लगेच सोडायची. माझ्या गच्चीवरच्या भिंतीला चौकोनी फरशा आहेत, त्यांच्या रेषांवर दोन्ही पाती ताडून बघतो. डोळा फसतोय असं वाटलं तर मोबाइलवर फोटो काढून उलटा करून बघतो. उजवी-डावी बदलली की लपलेला दोष वर येतो.

आणि दोष दिसला की त्याच्या पुढे एक इंचही ओढायचं नाही. जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही, जिथे ताठ आहे तिथे खरवडायचं. आधी सैल लांब दोरीवर, मग आखूड दोरीवर कमी ताणानं, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण ताणानं. दोरी चढल्यावर ती मुठीपासून सहा इंचांवर यावी. मी खालची पात वरच्यापेक्षा किंचित कडक ठेवतो, म्हणजे दोरीपासून तिचं अंतर एक-दोन सूत कमी भरतं, कारण ओढताना बोटांचा भार खालच्या पातीवर जास्त येतो. हे सगळं एका बैठकीत करू नका. दिवसाला तासभर. थकलेला हात एक जादा घासा मारतोच, आणि निघालेली साल परत लावता येत नाही.

थोडक्यात बाकीच्या

उत्तरायणातला उरलेला मांजा पीळ देऊन दोरी म्हणून लावू नका. काच बोटं कापते आणि धनुष्याच्या खाचाही. नायलॉनची सुतळीही नको, ती ताणत जाते. न ताणणारा पॉलिएस्टरचा दोरा, बारा-चौदा पदर, मेण चोळून.

दोरीच्या खाचांच्या कडा गोल करा, बाळाच्या खेळण्याला करतो तशा.

बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. जी ताकद बाणात जायची ती सगळी पातींवर परत येते. घरात धनुष्य आलं की प्रत्येक पाहुणा हे करून बघतो, म्हणून पाहुण्यांपासून ते लांब ठेवा.

काम झालं की दोरी उतरवा. चढवलेली दोरी ठेवून भिंतीवर शोभेला लावलेलं धनुष्य हळूहळू काठी होतं.

बाण आधी हातानं वाकवून, कान लावून तपासा. करकरला तर मोडून टाका. जपून ठेवू नका, नाहीतर कुणीतरी तो लावेल.

गच्चीवरून बाण सोडायचा नाही. पेंढीमागे पक्की भिंत किंवा मातीचा बांध हवा आणि आजूबाजूला माणसं नकोत. १५ पौंडांच्या धनुष्याचा बाणही शंभर पावलांपलीकडे जातो.

धनुष्याला शेवटी लावायच्या जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटतात. सुटे पसरून वाळवा.

तारखेसाठी घाई

वाढदिवसाला धनुष्य पूर्ण झालं नसेल तर अर्धंच द्या. आई-बाबांना अर्धं धनुष्य बघायला आवडतं. खांद्याला, हाताला लावून बघतात, काय हवं ते सांगतात, आणि ते तुम्हाला उपयोगी पडतं. उलट रात्र जागून पुरं केलेलं धनुष्य त्यांच्या हातात मोडलं तर इजा त्यांना होईल.

बाबांचं दुसरं धनुष्य मी वर्षभरानं केलं, ७ किलोचं. त्या वेळी त्यांना वाक बसवायच्या दिवसापासूनच शेजारी बसवलं. वरच्या पातीत टोकाजवळ एक ताठ जागा राहिली होती, मला फरशांवर दिसली नव्हती. ती त्यांच्या अंगठ्याला लागली. "इथे काढ थोडं," म्हणाले, आणि पेन्सिलीनं खूण केली. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर त्याची पूजा झाली, तेव्हा तेल लावायचं राहिलंच होतं. ते त्यांनी दसऱ्याच्या दुपारी स्वतः लावलं, गच्चीवर वर्तमानपत्र पसरून, डाव्या हातानं.