लग्नात घरचा घोडा: तयारी सहा आठवड्यांची, मिरवणूक तासाभराची

खान्देशात घोडा पाळणारं घर अख्ख्या गावाला माहीत असतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथून आणलेलं शिंगरू दारात मोठं होतं, घरच्या पोरांच्या हाताखाली शिकतं, आणि घरात लगीन निघालं की नवरदेव आपल्याच घोड्यावर बसणार हे न बोलताच ठरतं. हौस रास्त आहे. फक्त एक लक्षात ठेवा. भाड्याची घोडी कितीतरी वराती बघून मुरलेली असते. आपला घोडा रवाल चालीत (झपझप, न हिंदकळणाऱ्या चालीत) कितीही तरबेज असला तरी तो शिकलाय शेतातल्या वाटेवर, ओळखीच्या माणसांत. ढोल, दिवे, अंगावर येणारी गर्दी हे त्याच्यासाठी नवीन आहे. लग्नाच्या किमान सहा आठवडे आधी त्याची शिकवणी सुरू करा.

आधी काम ठरवा

घोड्याने काय करायचं हे त्याचा स्वभाव आणि नवरदेवाचं वजन बघून ठरतं. स्वार, खोगीर आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त भार नको. आपल्याकडचे मारवाडी, काठेवाडी घोडे साधारण ३५० ते ४०० किलोचे. म्हणजे सगळं मिळून ७० ते ८० किलो. त्यात १० किलो खोगीर आणि साज धरला तर नवरदेव ६०-७० किलोपर्यंतचा हवा. पुढ्यात भाचा बसवायची हौस असेल तर एका फोटोपुरता बसवा, लगेच उतरवा.

नवरदेव ९० किलोचा असेल तर त्याने घोडा हातात धरून पायी चालावं. सजवलेला घोडा आणि शेजारी फेटा बांधलेला नवरदेव, यात मान कुठेच कमी होत नाही. आणखी एक सोपा मार्ग म्हणजे घोडा फक्त घरापासून मारुतीच्या पारापर्यंत न्यायचा, नारळ फोडायचा आणि त्याला परत धाडायचं. डीजेची मिरवणूक त्यानंतर निघू द्या. घाबरट घोड्यासाठी आम्ही हाच मार्ग सुचवतो.

चार वर्षांच्या आतलं जनावर, गाभण घोडी, लंगडत असलेला किंवा खोकणारा घोडा मिरवणुकीत नकोच. मागच्याच यात्रेत घेतलेला घोडा दोन महिन्यांत वरातीला काढण्याचा मोहही टाळा, तो अजून तुम्हालाच ओळखत नसतो. नवीन जनावर आणलं की दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून लांब बांधा आणि त्याचा ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल जवळ ठेवा. हा रोग माणसालाही होतो आणि लग्नात शेकडो हात त्या तोंडावरून फिरणार असतात.

सहा आठवड्यांची शिकवणी

पहिल्या आठवड्यात फक्त साज. झूल एकदम अंगावर टाकू नका. घडी करून तिचा वास घेऊ द्या, मग खांद्यावर घासा, पाठीवर ठेवा, आणि चार-पाच दिवसांनी पूर्ण उलगडा. घुंगरू, तुरा, गळ्यातली माळ यांतलं रोज एकच नवीन. झूल पोटाखाली लोंबत असेल तर तिथे बंद शिवून घ्या. वाऱ्याने फडफडून मागच्या पायाला लागली की शांत घोडाही लाथ झाडतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात आवाज. ज्या बँडला सुपारी दिली आहे त्यांच्याच वाजवण्याचं रेकॉर्डिंग घ्या आणि घोडा चारा खात असताना ५० पावलांवरून हळू वाजवा. इथे सगळा खेळ वेळेचा आहे. घोड्याने कान टवकारले, मान ताठ केली तर आवाज तेवढाच राहू द्या. त्याने मान खाली घेतली, तोंड चघळलं, पुन्हा चाऱ्याला लागला की त्याच क्षणी आवाज बंद करा. शांत राहिलं की आवाज थांबतो, हे त्याला कळलं पाहिजे. उधळल्यावर आवाज बंद केलात तर नेमका उलटा धडा जातो: उधळलं की सुटका. रोज १५ मिनिटं पुरेत. अंतर दर दोन-तीन दिवसांनी दहा पावलांनी कमी करा. एखादा दिवस बिघडला तर मागच्या अंतरावर या, घाई नको.

चौथ्या आठवड्यात खरा ढोल आणि खरी ताशेवाली दोन पोरं बोलवा. ढोल आधी चालता ठेवा आणि घोडा त्याच्या मागे न्या. लांब जाणाऱ्या वस्तूची घोड्याला भीती वाटत नाही, अंगावर येणाऱ्या वस्तूची वाटते. दोन-तीन दिवस मागे चालला की मग शेजारून, शेवटी समोरून.

पाचव्या आठवड्यात अंधार पडल्यावर गल्लीतल्या पंधरा-वीस जणांना घेऊन खोटी मिरवणूक काढा. माणसं नाचू द्या, मोबाइलचे फ्लॅश मारू द्या, एक-दोघांच्या डोक्यावर दिवे द्या. उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याची नजर बसायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून मांडवाच्या झगमगाटातून काळोख्या गल्लीत वळताना तो अडतो. तिथे चाबूक काढू नका. अर्धा मिनिट थांबलं की तो आपणहून पाऊल टाकतो.

या सगळ्यात नवरदेवाचीही शिकवणी हवी, आणि नेमकी तीच राहून जाते. त्याला आठ-दहा वेळा तरी बसवा, त्यातल्या दोन वेळा शेरवानी, फेटा, मुंडावळ्या आणि कमरेच्या कट्यारीसह. मुंडावळ्यांमुळे खालचं दिसत नाही, शेरवानीत पाय वर जात नाही. चढायला ओटा किंवा भक्कम स्टूल ठेवा. रिकिबीत पायाचा पुढचा भागच घालायचा, टाच खाली. तोल गेला तर हात खोगिराच्या पुढच्या कमानीवर किंवा आयाळीत जावा. लगाम ओढून तोल सावरला की कडियाळ (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) तोंडात रुततं आणि घोडा मागच्या पायांवर उभा राहतो. मिरवणुकीत नवरदेव याच चुकीने पडू शकतो.

सहावा आठवडा हलका ठेवा. रोज तासभर चालवणं, खरारा (ब्रशने अंग घासणं), बाकी विश्रांती.

नाल, तंग, कडियाळ

नालबंदाला लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी बोलवा. आदल्या दिवशी नाल मारली आणि एखादा खिळा आतल्या जिवंत भागाजवळ गेला, तर लंगडणं एक-दोन दिवसांनी दिसतं, म्हणजे नेमकं वरातीत. काँक्रीटच्या रस्त्यावर आणि मंगल कार्यालयाच्या फरशीवर लोखंडी नाल घसरते. तिथे ओलं गोणपाट किंवा मुरमाचा पातळ थर टाकून घ्या. गुळगुळीत कार्पेटवर घोडा नेऊ नका.

तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) कसल्यावर त्याखाली दोन बोटं सपाट जायला हवीत. बरेच घोडे तंग कसताना पोट फुगवतात, म्हणून दहा पावलं चालवून पुन्हा बघा, आणि नवरदेव चढायच्या आधी तिसऱ्यांदा. कडियाळ नीट बसलं की ओठाच्या कोपऱ्यात एक किंवा दोन सुरकुत्या पडतात. एकही नसेल तर ते दातावर आपटतं, तीन असतील तर तोंड सोलतं. काटेरी कडियाळाला हात लावू नका. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत त्याला बंदी आहे. लगामाच्या आत एक साधी मोरखी (तोंडात लोखंड नसलेली, तोंडाभोवतीची दोरी) ठेवा आणि घोडा धरणाऱ्याने दोर मोरखीलाच लावावा.

पायांना मेंदी लावायची तर साधी पाल्याची. काळी केमिकल मेंदी कातडी भाजते, विशेषतः नुकऱ्याची (पांढऱ्या घोड्याची) गुलाबी कातडी. हळदी-कुंकवाचा टिळा कपाळावर, डोळ्यांपासून चार बोटं वर. अक्षता त्याच्या तोंडावर पडू देऊ नका, आणि ओवाळताना कापराची आरती नाकासमोर नको, खांद्यापाशी धरा.

हारांकडे स्वतः लक्ष द्या. झेंडू, शेवंती, गुलाब चालतील. कण्हेर अजिबात नको. तिचं फूल, पान, काडी सगळं विषारी असतं, वाळल्यावरही. मूठभर पानांनी घोडा हृदय बंद पडून मरू शकतो. रस्त्याच्या दुभाजकात आणि कार्यालयाच्या कुंपणाला कण्हेरच लावलेली असते, त्यामुळे घोडा बांधायची जागा आधी जाऊन बघा. मांडवाच्या दारातली केळीची पानं त्याने ओढली तर घाबरू नका, त्याने काही होत नाही. खांब पडणार नाही एवढं बघा.

मिरवणुकीच्या दिवशी

लग्नसराई चैत्र-वैशाखात, आणि तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ ला टेकलेला असतो. १९६५ च्या त्याच नियमांत, तापमान ३७ अंशांपुढे जातं अशा भागात दुपारी १२ ते ३ जनावर कामाला लावू नये असं सांगितलंय. आमचं म्हणणं त्याहून कडक आहे: उन्हाळ्यात सकाळी ९ नंतर आणि सूर्य मावळायच्या आधी घोडा रस्त्यावर नको. डांबर सूर्यास्तानंतरही तापलेलं असतं, तळहात दहा सेकंद टेकवून बघा. मुहूर्त दुपारचा असेल तर शेवंतीची, म्हणजे लग्नाआधीची, मिरवणूक घोड्यावर काढा आणि लग्नाच्या दिवशी त्याला सावलीत राहू द्या.

सकाळी नेहमीचा चारा द्या, दाणा अर्धा. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचं पोटात गेलेलं बाहेर पडायला वाटच नसते. पाहुणे प्रेमाने बुंदी, पुरणपोळी, गुळाची ढेप भरवतात आणि रात्री पोटशूळ उठतो. गुळाचे सुपारीएवढे चार खडे एका डब्यात काढून ठेवा, मान म्हणून भरवायचं ते त्यातूनच. पाणी मात्र मुबलक. साधारण दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, उन्हाळ्यात ६० पर्यंत जातं. घरची बादली आणि घरचंच पाणी सोबत न्या, अनोळखी पाण्याला तो तोंड लावत नाही.

घोड्यासोबत तीन माणसं लागतात. एक डोक्याशी दोर धरून, एक नवरदेवाच्या मांडीजवळ, एक मागे तीन मीटर अंतर मोकळं ठेवायला. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, पण बरोबर मागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही, आणि पोरं नेमकी शेपटीमागे नाचतात. तिघांपैकी कुणीही त्या दिवशी घेतलेली नसावी. डोक्याशी धरणाऱ्याचा शब्द शेवटचा, तो म्हणाला “उतरा” की नवरदेवाने उतरायचं. हे घरातल्या एखाद्या आबाने किंवा जिभाऊने, ज्यांचं सगळे ऐकतात, वऱ्हाडाला आधीच सांगून ठेवावं. ऐन वेळी कुणी कुणाचं ऐकत नाही.

डीजेपासून किमान ५० पावलं लांब राहा. स्पीकरचं तोंड मागे नाचणाऱ्यांकडे, म्हणजे थेट घोड्याकडे असतं, आणि तो धक्का त्याला छातीत बसतो. फटाके, कागदी फुलांचे बार, धुराचे नळकांडे, ड्रोन यांना घोडा असेपर्यंत बंदी. जनरेटरच्या वायरी घोड्याच्या वाटेत नकोत. पायात अडकतात, आणि एखाद्या उघड्या जोडात करंट असला तर नाल मारलेल्या घोड्याला तो आधी बसतो.

नोटांचं फार जपा. नवरदेवावरून ओवाळून टाकलेली दहाची नोट घोड्याच्या पायाशी पडते आणि ती उचलायला लहान पोरगं थेट पोटाखाली शिरतं. पाय तुडवले जातात ते असे. ओवाळणी टाकायची नाही, एका माणसाच्या ताटात द्यायची, हे बँडवाल्यांनाही सांगा.

पाठीवर नवरदेव असताना एका जागी दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं करू नका, आणि एकूण मिरवणूक एका तासात आवरा. नाचणारे हलत नसतील तर नवरदेवाला उतरवून घोडा पुढच्या चौकात न्या.

कान मागे चिकटले, शेपूट सारखी फटकारतेय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, पाय आपटतोय, घाम नसताना अंग थरथरतंय, यातलं काहीही दिसलं की थांबा. नाकपुड्या फुगून धाप लागली असेल तर साज उतरवा, सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, हाताने निपटून काढा आणि पुन्हा ओता. पाणी प्यायलाही लगेच द्या. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर नाडी मिनिटाला ६० च्या वरच असेल (एरवी ती २८ ते ४४ असते) किंवा ताप ३९ अंशांपुढे असेल तर डॉक्टरांना बोलवा. पशुवैद्यकाशी आठवडाभर आधीच बोलून ठेवा. शासनाचा जनावरांच्या उपचारासाठीचा १९६२ हा फोन क्रमांक आहे, पण रात्रीच्या वरातीला फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

घरी आल्यावर

आधी खोगीर, मग झूल, मग लगाम. तंगाखालची आणि ओठाच्या कोपऱ्यातली कातडी हाताने चाचपा, चारही टापा उचलून खिळे आणि खडे बघा. दहा मिनिटं चालवून अंग गार होऊ द्या, पाणी पाजा, कडबा टाका. दाणा दीड-दोन तासांनी, त्यात दोन चमचे मीठ. घोडा लाथ मारणाऱ्यातला असेल तरच पिछाडी (मागच्या पायांचा दोर) बांधा, नाहीतर आज मोकळ्या दोरावर राहू द्या, त्याला लोळायचं असतं.

रात्री एकदा उठून बघा. तो पोटाकडे वळून वळून पाहत असेल, पुन्हा पुन्हा खाली बसून उठत असेल, किंवा मिरवणुकीपासून त्याने लीदच टाकली नसेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.