जुन्या गाडीचा पत्रा आतून कुजतो
गोव्यात घरच्या गॅरेजमध्ये जुनी फियाट किंवा अँबेसेडर उभी करत असाल, तर मे संपायच्या आत दारांच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकं तपासा. काचेच्या रबराजवळून पाणी दारात उतरतंच. भोकं लाल मातीने बुजली, की ते आतच साचतं. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. (मी नुसती पुट्टी मारली होती, गणेश चवथीपर्यंत फोड परत हजर!) तारेने भोकं मोकळी करा, दार पूर्ण वाळू द्या, मग आतल्या जोडांवर गंजरोधक मेण फवारा, भोकं मात्र पुन्हा बुजू देऊ नका. प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, खाली ओल धरते. छपराखाली सुती कापड पुरे.