कार्ड आहे, पण विचारायचं कुणाला? आरोग्य योजनेतून गावातली मदत मिळवण्याची वाट

माझ्या चुलतीच्या ट्रंकेत आयुष्मान कार्ड होतं. छान लॅमिनेट केलेलं, लग्नाच्या फोटोशेजारी ठेवलेलं. आणि साखरेच्या आजाराच्या (मधुमेहाच्या) गोळ्या ती दर महिन्याला मेडिकलमधून रोख आणायची. "कार्ड हाय की माझ्याकडं, मग गोळ्याला पैसे का लागूलालेत?" असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा मलाही धड उत्तर देता आलं नाही.

उत्तर असं आहे की महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या आपल्याकडं एकत्र राबवल्या जाणाऱ्या योजना दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च उचलतात, एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. रोजच्या गोळ्या, जाण्यायेण्याचं भाडं, घरी पडून असलेल्या माणसाचा सांभाळ, बुडालेली मजुरी यासाठी मदत आहे, पण ती दुसऱ्या खिडक्यांवर. त्या खिडक्या शोधायला कार्डापेक्षा तीन माणसं जास्त उपयोगी पडतात: गावातली आशाताई, रुग्णालयात योजनेच्या टेबलावर बसणारा आरोग्यमित्र आणि समाजसेवा अधीक्षक.

आधी कागद एका पिशवीत

रेशनकार्ड, घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि जुने रिपोर्ट. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे आजारी पडायच्या आधी बघा. सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर राहिलेलं असतं आणि ते बाळंतपणाच्या वेळी कळतं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की पहिलं काम हेच सांगतो.

पांढरं रेशनकार्ड आहे म्हणून मागं हटू नका. मराठवाड्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना फुले योजनेत आधीपासूनच जागा होती. आता ती सगळ्याच रेशनकार्डधारकांना खुली आहे. घरात सत्तरी पार केलेलं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही.

मग आशाताईंकडं

साधारण हजार वस्तीमागं एक आशा असते. लसीकरणाची बाई एवढीच तिची ओळख करून आपण तिचा निम्मा उपयोग घालवतो. रक्तदाब आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात कधी होते, गोळ्या कुठं मिळतात, गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी कशी बोलवायची, हे तिला तोंडपाठ असतं. क्षयरोगाचा रुग्ण असेल तर तिला हमखास सांगा: उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, पण नोंद झाली आणि खातं बरोबर असलं तरच.

चुलतीच्या गोळ्यांचा प्रश्नही इथंच सुटला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. मात्र संभाजीनगरचं घाटी किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडं येतं, त्यामुळं तिथं केसपेपरचे पैसे मागितले तर लगेच भांडायला उठू नका.

भरती व्हायची वेळ आली तर

निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून दोन गोष्टी विचारा: हा दवाखाना योजनेत आहे का, आणि *हाच आजार* तिथं योजनेत होतो का. दुसरा प्रश्न लोक विसरतात. एखादा दवाखाना योजनेत असतो, पण तुमच्या आजाराची सोय त्यात नसते. काही शस्त्रक्रिया तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेल्या आहेत.

दवाखान्यात शिरताच आरोग्यमित्राचं टेबल गाठा, पैसे भरायच्या काउंटरवर नंतर. अपघात किंवा झटक्यासारख्या तातडीत फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागून दिले तरी चालतात. पुढचं नीट वाचा, कारण हे कुणी आपणहून सांगत नाही: फुले योजनेच्या पॅकेजात रुग्णाचं जेवण धरलेलं आहे आणि घरी परतायचं एकदाचं भाडंही, एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं. सुट्टी होताना ते मागा. मागताना लाजू नका.

आमच्याकडून एका खासगी दवाखान्यात डिपॉझिट घेतलं गेलं होतं. पावती होती म्हणून बरं. त्याच दिवशी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक पावतीच्या मागं लिहिला आणि तो कागद काउंटरवर दाखवला. संध्याकाळी पैसे परत मिळाले. पावती देत नसतील तर पैसे देऊ नका, एवढंच सांगेन.

समाजसेवा अधीक्षक कुठं बसतात?

मोठ्या सरकारी रुग्णालयात या नावाची पाटी असते, बहुतेक वेळा एखाद्या जिन्याच्या आडोशाला. योजनेत न बसणारी तपासणी, बाहेरून आणायला सांगितलेलं महाग इंजेक्शन, सोबत कुणीच नसलेला रुग्ण अशा वेळी हाच माणूस रस्ता काढतो. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीच्या अर्जाला कोणते कागद लागतात तेही इथं विचारा. खासगी धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. तिथं गेल्यावर "निर्धन रुग्ण निधीतून उपचार हवेत" हे शब्द वापरा. नुसतं "गरीब आहोत" म्हटलं की सहानुभूती मिळते, खाट मिळेलच असं नाही.

घरी आल्यावर

खरी ओढाताण इथून पुढं. कर्करोग, पक्षाघात, क्षयरोग, कुष्ठरोग, एचआयव्ही अशा आजारांमुळं कमाई थांबलेली ६५ वर्षांखालची निराधार माणसं संजय गांधी निराधार योजनेत बसू शकतात. तहसीलमध्ये अर्ज करायचा, उत्पन्नाच्या अटी आहेत. त्याच योजनेत विधवा येतात आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नीही. ६५ च्या पुढं श्रावणबाळ योजना. हात-पाय अधू झाला असेल तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आधी काढा, बाकीच्या बऱ्याच सवलती त्यावर उभ्या असतात. डायलिसिस किंवा कर्करोगाच्या रुग्णानं एसटीच्या आगारात सवलतीची चौकशी करावी.

मनाच्या आजाराचं मात्र आपल्याकडं अजून कुजबुजतच बोलतात. दोन पावसाळे हुकले, सोसायटीचं कर्ज थकलं, माणूस जेवणावरून उठून गोठ्यात जाऊन बसू लागला, तर वाट बघू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीचा प्रेरणा प्रकल्प मराठवाड्यासह १४ जिल्ह्यांसाठी आखला गेला. त्यात घरोघरी विचारपूस करायचं काम आशांकडंच आहे. त्यांच्या कानावर घाला. एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७, घरात मारहाण होत असलेल्या बाईसाठी १८१.

ऊसतोडीला जाणार असाल तर

दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, तेव्हा कार्ड घरीच राहतं. आयुष्मानच्या यादीत नाव असलेल्यांचं कार्ड कर्नाटकातल्या योजनेतल्या दवाखान्यातही चालतं, त्याची माहिती १४५५५ वर मिळते. गरोदर बाई किंवा लहान लेकरू सोबत असेल तर निघायच्या आठवड्यात आशाताईंना कारखान्याचं नाव सांगा आणि माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या. त्यावर कोणती लस झाली, कोणती राहिली ते लिहिलेलं असतं, त्यामुळं कारखान्याजवळच्या उपकेंद्रात पुढची लस देताना नव्यानं विचारपूस करावी लागत नाही. चुलतीचा धाकटा लेक दरवर्षी जातो. यंदा त्याच्या बायकोनं कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धान्याच्या डब्यात ठेवली, कारण कोपीत (ऊसतोड कामगारांच्या झोपडीत) पाऊस शिरला तरी डबा कोरडा राहतो.